खिडकीजवळची खाट : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे जीवन आणि कार्य



आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनाची ही स्मरणिका. इमारत कशी उभी राहिली, पैसा कसा जमला, पहिला सेफेर तोरा कोणी आणला, हे सारे जाणती मंडळी या पानांत लिहितीलच. मी पेशाने नर्स. नोकरीतून निवृत्त झाले तरी नजर नर्सचीच राहिली आहे. कोणत्याही इमारतीत पाऊल टाकले की उजेड कुठून येतो, हवा कुठून खेळते आणि आजारी माणसाला इथे कसे वाटेल, हेच आधी मनात येते. ही नजर आम्हा नर्सेसना ज्यांनी दिली त्या थोर बाईंचे चरित्र आज थोडक्यात सांगते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की रात्रीच्या अंधारात हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी बाई डोळ्यांपुढे येते. ते चित्र खरेच आहे. मात्र चित्रांत दाखवतात तसा तो तेलाचा नक्षीदार दिवा नव्हता, तुर्की लोक वापरत तसा घडीचा कागदी कंदील होता. या बाईंचे सर्वांत मोठे काम मात्र दिव्याच्या उजेडात झाले नाही. ते झाले कागदावर, आकड्यांनी आणि इमारतींच्या नकाशांनी. इमारत माणसाला आजारी पाडू शकते आणि बरेही करू शकते, शरीराने आणि मनानेही, ही गोष्ट त्यांनी सरकारला, डॉक्टरांना आणि इंजिनिअरांना पटवून दिली.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील इंग्लंडचे, गर्भश्रीमंत. लग्नानंतर ते युरोपात लांबच्या प्रवासाला गेले होते. थोरली मुलगी नेपल्समध्ये झाली, तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव पार्थेनोपी असे ठेवले. धाकटी फ्लॉरेन्समध्ये झाली, म्हणून ती फ्लॉरेन्स. इंग्लंडमध्ये त्यांची दोन मोठी घरे होती, एक डर्बीशायरमध्ये आणि दुसरे हॅम्पशायरमध्ये एम्बली येथे. वडिलांनी मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण ओढ होती. आईला ते पसंत नव्हते, पण मुलीने हट्टाने गणित शिकून घेतले. पुढे याच गणिताने हजारो प्राण वाचवले.

सन १८३७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे अशी तिची खात्री झाली. पण त्या काळी इंग्लंडात रोग्यांची सेवा हे खालच्या दर्जाचे काम समजले जाई. अशा कामाला आपली मुलगी जाणार ही कल्पनाच घरच्यांना सहन होईना. पुढची सोळा वर्षे तिने त्या मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत घालवली. पाहुण्यांची ऊठबस, विणकाम, संध्याकाळी वडील वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत ते ऐकत बसणे. चांगले स्थळ सांगून आले तेही तिने नाकारले. खायला, ल्यायला काही कमी नव्हते, पण त्या घरात तिचा जीव गुदमरत असे आणि तिची प्रकृती ढासळत गेली. सुंदर घरातसुद्धा माणूस कोंडला जाऊ शकतो, हे तिने स्वतःवरूनच जाणले.

सन १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे पास्टर फ्लीडनर यांच्या संस्थेत तिने सुमारे तीन महिने शिक्षण घेतले. १८५३ साली लंडनच्या अप्पर हार्ली स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका छोट्या इस्पितळाची व्यवस्था तिच्या हाती आली. तिथे बाईंनी काय मागितले पहा. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावे. रोग्यांचे जेवण वर नेण्यासाठी छोटी लिफ्ट असावी. रोग्याने वाजवलेली घंटा नर्सच्या दाराशी वाजावी आणि कोणत्या रोग्याने बोलावले ते तिला दिसावे. नर्सचे पाय जिन्यांवर झिजले तर रोग्याजवळ बसायला तिच्यात ताकद कुठून उरणार? ज्यांनी दिवसातून पन्नास वेळा जिने चढून बेडपॅन आणि जेवणाची ताटे नेली आहेत, त्यांना या मागण्यांचे मोल समजेल.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. जखमी इंग्रज सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले तसे लोक खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांना घेऊन बाई निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथे पोहोचल्या.

तुर्कांनी इंग्रजांना तिथे एक अवाढव्य लष्करी बराक इस्पितळासाठी दिली होती. मधे चौक, चारी बाजूंनी लांबच लांब इमारत आणि कोपऱ्यांवर मनोरे. बाहेरून राजवाडाच वाटावा अशी. आत मात्र खोल्याच नव्हे तर व्हरांडेसुद्धा रोग्यांनी भरलेले, आणि खाली गटारे तुंबलेली. संडासांच्या नळांतून ती घाण हवा वाऱ्याबरोबर थेट वॉर्डांत शिरत असे. जखमांपेक्षा कॉलरा, हगवण आणि ताप यांनीच माणसे अधिक मेली. बाईंनी स्वयंपाकघर सुरू केले, धुलाईची सोय केली, स्वच्छ सदरे आणि चादरी आणवल्या, रात्री फेऱ्या घातल्या. सैनिकांनी त्यांना देवीसारखे मानले. तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर रोग्यांत बेचाळीस मरत होते. एवढी सेवा होत असताना!

मार्च १८५५ मध्ये लंडनहून डॉ. जॉन सदरलँड आणि इंजिनिअर रॉबर्ट रॉलिन्सन यांचे सॅनिटरी कमिशन आले. त्यांनी गटारे धुऊन काढली, मेलेली जनावरे उचलली, भिंतींना चुना लावला, हवा खेळण्यासाठी वाटा केल्या, गर्दी कमी केली. जून महिन्यापर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरी दोनवर आले.

सन १८५६ साली बाई मायदेशी परतल्या. सत्काराच्या सभा त्यांनी टाळल्या. डॉ. विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाबरोबर बसून त्यांनी त्या दोन हिवाळ्यांचे आकडे मांडले, तेव्हा सत्य उघड झाले. स्कुटारीच्या त्या भव्य इमारतीतला मृत्यूदर आघाडीजवळच्या साध्या तंबू-झोपड्यांतल्या इस्पितळांहूनही वाईट होता. ज्या इमारतीत आपण जिवाचे रान केले तीच माणसे मारत होती, हे समजल्यावर त्या बाईंच्या मनावर काय आघात झाला असेल! पण त्यांनी ते झाकून ठेवले नाही. रंगीत वर्तुळाकार आकृत्या काढून त्यांनी ते मंत्र्यांना आणि राणीला दाखवले. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

दुसरे एक उदाहरण त्यांच्या समोरच होते. प्रसिद्ध इंजिनिअर ब्रुनेल यांनी १८५५ साली लाकडी सुट्या भागांचे एक इस्पितळ इंग्लंडमध्ये बनवून जहाजाने पाठवले. ते डार्डानेल्सच्या काठी रेन्किओई येथे उभारले. सुट्या सुट्या इमारती, भरपूर हवा, सांडपाण्याची नीट सोय. तिथे सुमारे १३०० रोगी आले आणि त्यांतले ५० च्या आसपासच दगावले.

मग सुरू झाली बाईंची दुसरी लढाई, नकाशांची. हॅम्पशायरमध्ये नेटली येथे समुद्रकाठी सैनिकांसाठी प्रचंड इस्पितळ बांधायला घेतले होते. खुद्द व्हिक्टोरिया राणीने १८५६ साली त्याची कोनशिला बसवली होती. बाईंनी नकाशा पाहिला आणि त्या हादरल्या. इमारत सुमारे पाव मैल लांब. समुद्राच्या बाजूला भला मोठा शोभेचा व्हरांडा आणि वॉर्ड मागच्या बाजूला, छोटे छोटे. म्हणजे ऊन, वारा आणि देखावा रिकाम्या व्हरांड्याला, आणि रोग्यांना मागची सावली. पंतप्रधान पामर्स्टन यांचे गाव एम्बलीजवळच. बाई त्यांना जाऊन भेटल्या. इमारतीचा डौल साधण्यासाठी रोग्यांचा बळी दिला जातो आहे हे त्यांना पटले आणि त्यांनी युद्धमंत्र्यांना तसे कडक लिहिले. पण फार खर्च झाला होता. काही बदल करून इमारत तशीच पुरी झाली आणि १८६३ साली उघडली. त्या व्हरांड्यातून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक जीप चालवत, असे म्हणतात. १९६६ साली ती पाडली गेली, आता मधले चॅपेल तेवढे शिल्लक आहे.

नेटलीत हार झाली, पण बाई खचल्या नाहीत. १८५९ साली त्यांचे इस्पितळांवरचे पुस्तक, 'नोट्स ऑन हॉस्पिटल्स', निघाले. इस्पितळाने निदान रोग्याला अपाय तरी करू नये, ही त्याची पायाभूत मागणी. वॉर्ड कसा असावा हे त्यात फुटाफुटाने सांगितले आहे. सुमारे ३० फूट रुंद, १५ ते १६ फूट उंच, वीस ते तीस खाटा दोन ओळींत, दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या. दर दोन खाटांमागे निदान एक खिडकी, आणि ती जमिनीपासून दोन-तीन फुटांवर सुरू होऊन छतापर्यंत पोहोचणारी, म्हणजे निजलेल्या माणसालाही बाहेर दिसेल. संडास आणि मोरी एका टोकाला, मधे हवेशीर जागा सोडून. सिस्टरची खोली अशी की तिच्या खिडकीतून सगळा वॉर्ड दिसावा. असा प्रत्येक वॉर्ड स्वतंत्र इमारतीत आणि दोन इमारतींमध्ये मोकळी जागा. या रचनेला पॅव्हिलियन पद्धत म्हणतात. ती फ्रान्समध्ये आधीपासून होती, बाईंनी ती इंग्रजांच्या गळी उतरवली. वूलिच येथील हर्बर्ट हॉस्पिटल १८६५ साली आणि थेम्सकाठचे नवे सेंट थॉमस हॉस्पिटल १८७१ साली याच पद्धतीने उघडले. सेंट थॉमसमध्ये बाईंनी १८६० सालीच परिचारिकांची शाळा काढली होती. लोकांनी सत्कारनिधी म्हणून दिलेले सुमारे ४५,००० पौंड त्या कामी लावले.

आपल्यापैकी जे मुंबईच्या मोठ्या जुन्या इस्पितळांत कधी रोगी म्हणून, कधी डबा घेऊन गेले असतील, त्यांना तो लांबलचक जनरल वॉर्ड आठवत असेल. दोन्हीकडे खाटांच्या ओळी, उंच छत, उंच खिडक्या आणि मधे सिस्टरचे टेबल. तोच हा नाइटिंगेल वॉर्ड. आज एकांतासाठी आणि संसर्ग टाळण्यासाठी स्वतंत्र खोल्या पसंत करतात, आणि त्यालाही आधार आहे. पण एका नजरेत तीस रोगी दिसण्याचे आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा धीर मिळण्याचे जे सुख त्या वॉर्डात होते, ते रात्रपाळी केलेल्या नर्सला विचारा.

आता मला ज्याबद्दल सर्वांत जास्त सांगायचे आहे त्या पुस्तकाकडे येते. 'नोट्स ऑन नर्सिंग' हे छोटे पुस्तक १८५९ च्या अखेरीस निघाले. ते शिकलेल्या नर्सेससाठी नव्हते, घरात आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या साध्या बायकांसाठी होते. त्यात बाईंनी खोलीचा मनावर होणारा परिणाम उलगडून दाखवला आहे. ताज्या हवेच्या खालोखाल रोग्याला उजेड हवा, आणि तोही थेट सूर्याचा. कुंडीतले रोप उजेडाकडे वळते तसे रोगी बहुधा खिडकीकडे तोंड करून निजतात, त्या बाजूला दुखत असले तरी. दिवसेंदिवस तीच भिंत आणि तेच छत पाहून रोग्याची मती कुंठते. मग एकच विचार डोक्यात घोळत राहतो आणि प्रयत्न करूनही तो बाहेर काढता येत नाही. अशा वेळी समोरचे दृश्य बदलावे, एखादे चित्र टांगावे, थोड्या दिवसांनी ते बदलावे, फुले ठेवावीत. रंग आणि आकार यांचा परिणाम मनाबरोबर शरीरावरही होतो, असे त्यांनी ठामपणे मांडले. दाराबाहेर डॉक्टर आणि नातेवाईक कुजबुजतात, तेव्हा रोगी कान टवकारून आपल्याबद्दलच काही चालले आहे असे समजून झुरतो. म्हणून बोलायचे तर समोर बोला किंवा दूर जाऊन बोला. अंथरुणाला खिळलेल्याला एखादा पिंजऱ्यातला पक्षीसुद्धा मोठी सोबत होतो.

हे ज्ञान त्यांना पुस्तकांतून मिळाले नव्हते. मे १८५५ मध्ये क्रिमियात त्यांना स्वतःला जिवावरचा ताप आला. लाकडी झोपडीत पडून असताना बाहेरचे काही दिसत नाही आणि फळ्यांमधल्या गाठी मोजत पडायचे, याचा जाच किती भयंकर असतो हे त्यांनी सोसले. कोणीतरी रानफुलांचा एक गुच्छ पाठवला आणि त्या क्षणापासून आपली प्रकृती झपाट्याने सुधारली, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. आपल्याला हे समजणे अवघड नाही. १९९१ साली आखाती युद्धात खिडक्यांना प्लास्टिक आणि टेप लावून आपण बंद खोलीत बसलो होतो. थोड्याच वेळात मुले किरकिरी होत, मोठ्यांचा जीव घाबरा होई. भीती क्षेपणास्त्रांची होतीच, पण त्या आंधळ्या खिडक्यांनी ती वाढवली.

आपल्या मूळ भूमीशीही बाईंचा संबंध आला. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली रॉयल कमिशन नेमले गेले. बाईंनी हिंदुस्थानातल्या छावण्यांना छापील प्रश्न पाठवले आणि आलेल्या उत्तरांचा डोंगर स्वतः वाचून काढला. गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मरत होते, आणि तेही लढाई नसताना. गर्दीच्या बराकी, खराब पाणी, मोरी नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी हेरली. उन्हाळ्यात सैनिकांना दिवसभर बराकीत कोंडून ठेवत, करायला काही नाही, मग माणूस खाटेवर लोळतो आणि दारूकडे वळतो. म्हणून बराकीबरोबर कामशाळा, वाचनाची खोली, खेळाची जागा हवी, असा त्यांचा आग्रह होता. कमिशनचा अहवाल १८६३ साली निघाला. त्याचा मुख्य रोख गोऱ्या सैनिकांवर होता, तरी देशी पलटणींच्या इस्पितळांची दुर्दशाही बाईंनी दाखवून दिली. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा मुंबई इलाख्याच्या पलटणींत सुभेदार, जमादार होते. ते याच छावण्यांत राहिले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर हे बाईंचे स्नेही झाले आणि सुधारणांना वेग आला. दहा वर्षांनी मृत्यूचे प्रमाण हजारी १८ वर आल्याचे बाईंनी समाधानाने नोंदवले. हिंदुस्थान त्यांनी कधी पाहिला नाही, पण पुढे तिथल्या खेड्यांच्या स्वच्छतेसाठी आणि शेतकऱ्यांसाठी त्या म्हातारपणापर्यंत लिहीत राहिल्या.

सगळेच त्यांचे खरे ठरले असे नाही. रोग दूषित हवेने होतात असे त्या मानत आणि जंतूंची कल्पना त्यांनी बरीच वर्षे नाकारली. पण उजेड, स्वच्छता, गर्दी टाळणे आणि वाहते सांडपाणी हे उपाय जंतूंवरही लागू पडले.

क्रिमियाच्या तापाने त्यांची पाठ सोडली नाही. १८५७ नंतर बराच काळ त्यांनी खोलीत, खाटेवर किंवा कोचावर काढला. लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील त्यांच्या खोलीच्या भिंती पांढऱ्या होत्या, खिडक्यांना पडदे नव्हते आणि बाहेर बागेची झाडे दिसत. भेटायला येणाऱ्याला एका वेळी एकच, असा नियम होता. त्या खोलीतून त्यांनी हजारो पत्रे लिहिली आणि देशोदेशीचे नकाशे तपासले. १९०१ च्या सुमारास त्यांची दृष्टी गेली. ज्यांनी इतरांच्या खाटेपाशी उजेड आणला त्यांच्या नशिबी शेवटची वर्षे अंधारात आली. १९०७ साली त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट मिळाली, तीही स्त्रियांत प्रथमच. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अॅबेत दफन करण्याची सूचना घरच्यांनी नाकारली. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो येथे कुटुंबाच्या थडग्यावर त्यांच्या नावाची दोन अक्षरे आणि जन्ममृत्यूची नोंद एवढेच कोरले आहे.

त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १९८४ साली, रॉजर उल्रिक नावाच्या अमेरिकन संशोधकाचा एक लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. पेनसिल्व्हेनियातील एका इस्पितळात पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या ४६ रोग्यांची जुनी कागदपत्रे त्यांनी तपासली. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. बाकी बाबतींत दोन्ही गटांतले रोगी जोडीजोडीने सारखे निवडले होते. झाडे दिसणारे सरासरी सुमारे पाऊण दिवस लवकर घरी गेले, त्यांना वेदनाशामक कडक औषधे कमी लागली आणि त्यांच्याविषयी नर्सेसनी लिहिलेले तक्रारीचे शेरेही कमी होते. अभ्यास छोटा, पण जगभर इस्पितळे बांधणाऱ्यांनी तो मनावर घेतला. मला विशेष आनंद याचा की त्या पुराव्यात आम्हा नर्सेसच्या रोजच्या नोंदी होत्या.

दानिएल संदेष्ट्याच्या माडीच्या खिडक्या यरुशलेमच्या दिशेने उघड्या होत्या, आणि त्यावरूनच प्रार्थनेच्या जागेला खिडक्या असाव्यात असे आपले विद्वान सांगत आले. आता आपण सारे वयाने वाढलो. कोणी घरात पडून आहे, कोणी वृद्धाश्रमात आहे, कोणाची इस्पितळाची वारी चालू आहे. आजाऱ्याला भेटायला जाणे ही आपल्याकडे मोठी मित्सवा. पुढच्या वेळी गेलात की फळांची पिशवी टेबलावर ठेवा आणि आधी त्याच्या उशीच्या उंचीवर वाकून बघा, त्याला काय दिसते? नुसती भिंत दिसत असेल तर सिस्टरला विचारून खाट थोडी वळवून घ्या. खिडकीचे त्रीस वर करा. कपाटावर नातवंडांचा फोटो लावा, तोही त्याला पडल्या पडल्या दिसेल असा. आणि डॉक्टरांशी बोलायचे असेल तर दाराबाहेर कुजबुजू नका. याला पैसा लागत नाही, डिप्लोमाही लागत नाही.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, हीच प्रार्थना.